हिमनदीने उठवलेलं गाव



नववीच्या भूगोलात बाह्यप्रक्रिया शिकवताना नदी, वारा आणि भूजल हे भाग आमच्या मुलांना लगेच कळतात. तेरणा नदी जवळच आहे, उन्हाळ्यातली वावटळ रोजची आहे, आणि कुणाच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं हे तर चौथीतलं पोरही सांगतं. गाडी अडते ती हिमनदीपाशी. आमच्या मुलांसाठी बर्फ म्हणजे जत्रेतला गोळा, नाहीतर लग्नात पाण्याच्या टाकीत टाकलेली लादी. "मॅडम, बर्फ तर घट्ट असतो, मग त्याची नदी कशी वाहते?" हा प्रश्न दरवर्षी येतो आणि यायलाच हवा.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमनद्या प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. आमची लेक आणि जावई अमेरिकेत सिएटलला असतात. त्यांनी आग्रहानं बोलावलं आणि तिथून सात दिवसांच्या अलास्काच्या जहाजाची तिकिटं काढली. मी, आमचे मिस्टर, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, लेक, जावई, पाच वर्षांचा नातू आणि माझ्या शाळेतल्या एक मॅडम व त्यांचे यजमान असे आम्ही आठ जण. जहाजावरच्या गमतीजमती, पोहण्याचा तलाव, जेवणाचे प्रकार यांवर पुष्कळ जणांनी लिहिलं आहे. मी वर्गात उपयोगी पडेल तेवढंच लिहिते, आणि शेवटी आपल्या किल्लारीच्या कामाचं एक सांगते.

प्रवासातला मुख्य दिवस होता ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानाचा. ही समुद्राची लांबलचक खाडी आहे. दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर आणि त्यांतून थेट समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या. या खाडीत दिवसाला दोनच मोठी जहाजं सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर एका छोट्या बोटीतून आले आणि चालत्या जहाजावर शिडीनं चढले. दिवसभर ते ध्वनिक्षेपकावरून माहिती देत होते. सासूबाई नऊवारीवर जावयाचं जॅकेट घालून, डोक्याला मफलर बांधून डेकवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "आत चला, गारठा आहे," म्हटलं तरी हलल्या नाहीत. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या जिल्ह्यातली आम्ही माणसं. एवढं गोडं पाणी गोठून उभं राहिलेलं पाहताना डोळे हटत नव्हते.

पुस्तकातल्या आकृत्या तिथं एकामागून एक समोर येत गेल्या. डोंगराच्या कुशीत खुर्चीसारखी कोरलेली हिमगव्हरं. मुख्य दरीच्या वरच कड्यावर संपणाऱ्या लोंबत्या दऱ्या आणि त्यांतून पडणारे धबधबे. हिमनदीच्या अंगावरून लांबवर गेलेले काळे पट्टे म्हणजे हिमोढ, बर्फानं वाहून आणलेला दगडगोट्यांचा मालमसाला. मुलांना नेहमी वाटतं की हिमनदी पांढरीशुभ्र असते. खरं तर ती कुठं पांढरी, कुठं मातकट, आणि भेगांमध्ये गर्द निळी दिसते. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो, म्हणून निळा उरतो. खाडीचं पाणीही दुधट होतं, कारण बर्फाखाली दगडाशी दगड घासून जात्यातून पीठ पडावं तसा भुगा होतो आणि तो पाण्यात मिसळतो.

आता त्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर. बर्फ वर्षानुवर्षं साठतो, वरच्या थरांच्या ओझ्यानं खालचा दाबला जातो आणि उताराकडे अगदी सावकाश सरकू लागतो. काही तळाशी घसरतो, काही आतल्या आत आकार बदलत पुढे जातो. आमच्या भागात उसाची काकवी सगळ्यांनी पाहिली आहे. थंडीत घट्ट झालेली काकवी भांडं कलंडलं तर कशी येते? वाहताना दिसत नाही, पण थोड्या वेळानं पाहिलं तर पुढे आलेली असते. वर्गात हे करून दाखवता येतं.

दुपारी जहाज मार्जरी हिमनदीसमोर थांबलं. ही हिमनदी सुमारे ३४ किलोमीटर लांब आहे. तिचं समुद्राकडचं तोंड जवळपास दीड किलोमीटर रुंद आणि पाण्याच्या वर साधारण ७५ मीटर उंच, म्हणजे कुतुबमिनाराएवढं. मधूनच त्या भिंतीचा एखादा तुकडा सुटून पाण्यात पडतो. आधी तुकडा पडताना दिसतो आणि मग दोन-तीन सेकंदांनी ढग गडगडल्यासारखा आवाज येतो. नातू बोटांवर सेकंद मोजत होता. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे आम्ही त्या भिंतीपासून किती लांब होतो, हे गणित मुलांना घालता येईल.

याहून मोठं गणित त्या खाडीच्या इतिहासात आहे. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथं आली, तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये जॉन म्यूर हे निसर्गअभ्यासक आले, तेव्हा बर्फ ६० किलोमीटरहून जास्त मागे गेला होता. १९१६ पर्यंत तो सुमारे १०५ किलोमीटर मागे हटला. किल्लारीहून एसटीनं सोलापूर जेवढं लांब, साधारण तेवढं अंतर. १२२ वर्षांत १०५ किलोमीटर म्हणजे वर्षाला सरासरी ८६० मीटर. त्या वेळची माघार मुख्यतः एका थंड कालखंडाच्या शेवटची होती. आज जगभरच्या हिमनद्या ज्या वेगानं आटताहेत, त्यात माणसानं वाढवलेल्या तापमानाचा मोठा हात आहे. वर्गात या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगाव्यात.

आणि मग ध्वनिक्षेपकावर त्या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी एक बाई बोलू लागल्या. त्यांच्या समाजाचं नाव हूना ट्लिंगिट. आज जिथं खाडी आहे, तिथं पूर्वी सखल जमीन होती, नदी होती आणि त्यांची गावं होती. १७००च्या दशकांत, साधारण अडीच-पावणेतीनशे वर्षांपूर्वी, हिमनदी पुढे सरकू लागली. कुत्रं धावावं इतक्या वेगानं बर्फ आला, असं त्यांच्या आठवणीत आहे. लोकांनी होड्या भरल्या आणि गाव सोडलं. पुढे ते सामुद्रधुनीपलीकडे हूना इथं वसले. या नावाचा अर्थ उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा. त्यांच्या कथेत एक बाई मात्र निघाली नाही. कुणी म्हणतं ती तरुण मुलगी होती, कुणी म्हणतं म्हातारी आजी होती. ती घरातच थांबली आणि बर्फ घरावर आला.

लेक हे सगळं आजीला मराठीत सांगत होती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंजी ह्यांचं बी गाव उठलं म्हणावं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "एक जण तर ऱ्हातंच माघारी."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याकडे भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीची जड माळवदं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. सरकारी आकड्यानुसार ७,९२८ माणसं गेली. त्यात सासूबाईंची धाकटी लेक होती. नंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. मी १९९५ साली लग्न होऊन या घरात आले, ती पत्र्याच्या शेडात. उभं असलेलं जुनं किल्लारी मी पाहिलेलं नाही. ते ऐकूनच मला ठाऊक आहे.

दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, हेही मुलांना सांगायला हवं. हिमनदीनं लोकांना होड्या भरण्यापुरता वेळ दिला, भूकंपानं काही सेकंदही दिले नाहीत. तरी भूकंप त्या मुलखालाही नवा नाही. तो भाग पृथ्वीच्या दोन भूपट्टांच्या सीमेवर आहे, आपण मात्र भूपट्टाच्या आतल्या, स्थिर समजल्या गेलेल्या भागात आहोत. १८९९ च्या सप्टेंबरात तिथं याकुतात भागात मोठे भूकंप झाले. एका ठिकाणी किनारा १४ मीटरहून जास्त वर उचलला गेला. याच ग्लेशियर बेमधली म्यूर हिमनदी इतकी फुटली की हिमखंडांनी खाडी भरून गेली आणि प्रवासी बोटींना पुढे कित्येक वर्षं तिच्याजवळ जाता आलं नाही. शिवाय तिथली जमीन आजही वर येते आहे. बर्फाचं ओझं उतरल्यामुळे काही ठिकाणी वर्षाला सुमारे ३ सेंटिमीटर! गादीवरून माणूस उठला की गादी हळूहळू फुगते, तसं.

सासूबाईंना भूगोलात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "मग आता ती लोकं जात्यात का जुन्या जागी?"

लेकीनं रेंजरना विचारून उत्तर आणलं. बर्फ मागे हटल्यावर ते लोक शिकारीला, मासेमारीला, अंडी गोळा करायला पुन्हा येऊ लागले होते. १९२५ मध्ये सरकारनं ही जागा संरक्षित केली आणि त्यांच्यावर बंधनं आली. अनेक वर्षं कटुता राहिली. पुढे बोलणी झाली. समुद्रपक्ष्यांची अंडी परंपरेनुसार गोळा करू देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये खाडीकाठी त्यांच्या कुळांचं लाकडी सभाघर उभं राहिलं. अडीचशे वर्षांनी त्या जागी त्यांचं घर झालं. आणि वडीलधारी माणसं हूनाच्या शाळेतल्या मुलांना बोटीनं त्या खाडीत नेतात, जागा दाखवतात, नावं सांगतात. त्यांच्या भाषेत या खाडीचं नावच 'हिमनदीच्या जागी झालेली खाडी' असं आहे.

सासूबाई म्हणाल्या, "आपल्या पोरांना कुणी नेऊन दावलं का? इथं आपला आड, इथं आपली वेस?"

हा प्रश्न मी तिथून घेऊन आले आहे. आमच्याकडे दर ३० सप्टेंबरला स्मृतिस्तंभापाशी श्रद्धांजली होते, ती व्हायलाच हवी. पण आज शाळेत असलेल्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईबापही त्या वेळी जन्मले नव्हते किंवा मांडीवर होते. मुलांना भूकंप माहीत आहे, गाव माहीत नाही. मी वर्गात 'ढेळज' म्हणजे काय विचारलं, तर दोनच हात वर आले. 'बळद' कुणालाच आलं नाही. माळवद, देवळी, उतरंड, सोपा हे शब्द घरांसोबत होते. नव्या घरांत ढेळज नाही, धान्याचं बळद नाही, त्यामुळे शब्द वापरायला जागाच उरली नाही. ज्यांच्या तोंडी ते अजून आहेत ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत. फार वर्षं आपल्या हाती नाहीत.

म्हणून यंदा आमच्या शाळेत पुढचा उपक्रम ठरवला आहे. इतर गावच्या शिक्षकांनाही तो करता येईल.

पहिलं, प्रत्येक मुलानं घरातल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांना विचारून जुन्या गावाचा नकाशा काढायचा. वेस, पार, आड, देऊळ, शाळा, आपलं घर. नकाशे एकमेकांशी जुळणार नाहीत. जुळत नसतील तिथं पुन्हा विचारायचं.

दुसरं, जुन्या घराचे शब्द वहीत लिहायचे. शब्द, त्याचा अर्थ, तो कुणी सांगितला आणि शक्य असेल तर चित्र. हे मराठीच्या तासाचं काम.

तिसरं, नकाशा हातात घेऊन वडीलधाऱ्यांसोबत जुन्या गावठाणाची पायी फेरी. त्याच फेरीत भूगोलाचा आणि घरबांधणीचा धडा घ्यायचा. जड छप्पर का पडलं, भूकंपरोधक घरात काय वेगळं असतं, हे तिथं उभं राहून जास्त कळेल.

एक काळजी मात्र घ्या. कुणालाही बोलायला भाग पाडू नका. काही जणांना ती रात्र आठवायची नसते, आणि तो त्यांचा हक्क आहे. मुलांना सांगून ठेवा की प्रश्न गावाबद्दल विचारायचे, रात्रीबद्दल नाही. सणाला कुठं जमायचे, पाणी कुठून आणायचे, खेळायचे कुठं, असे. ज्यांना पुढचं सांगायचं असेल ते आपणहून सांगतील.

हे फक्त किल्लारीपुरतं नाही. जायकवाडी, उजनी, कोयना अशा धरणांच्या पाण्याखाली किती गावं गेली आहेत. तुमच्या वर्गातही अशा उठलेल्या गावाचं एखादं नातवंड बसलेलं असेल. त्याला त्याच्या आजीच्या गावाचं नाव विचारून बघा.

आमच्या फेरीत सासूबाई येणार आहेत. आड कुठं होता ते मीच दाखवणार, असं त्यांनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय. नातूही त्या वेळी इकडे असणार आहे. त्याला पणजीची काठी धरायचं काम दिलंय.