सीडर अव्हेन्यूवरचे दोन तवे

अमेरिकेतील बास्केटबॉल म्हटला की आमच्या धर्मग्रामातील मुलांच्या डोळ्यांपुढे दूरदर्शनवरचे सात-सात फुटी, कोट्यधीश खेळाडू उभे राहतात. त्याच खेळाचे एक धाकटे घर त्या देशात आहे आणि ते थोरल्या घरापेक्षा कितीतरी अधिक माणसांनी गजबजलेले आहे, ही वार्ता इकडे सहसा पोहोचत नाही. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने १९७३ साली आपल्या सदस्य संस्थांची तीन विभागांत वाटणी केली. तिसऱ्या विभागात आज चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत. खेळतो म्हणून कोणालाही शिष्यवृत्ती द्यायची नाही, हा त्यांचा नियम आम्हांला फार भावला. दुपारी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या हाताळणारा मुलगा रात्री मैदानात उतरतो, आणि त्याचे प्राध्यापक बाकावर बसून त्याच्या नावाने ओरडतात.

२०१८ च्या ऑक्टोबरपासून २०१९ च्या जूनपर्यंत अभ्यासरजेच्या निमित्ताने मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरी एका धर्मग्रामात आमचे वास्तव्य होते. अभ्यासाचे काय झाले ते आमच्या बिशपांना यथावकाश सादर केले आहेच. येथे सांगायचे आहे ते त्या हिवाळ्यातील बुधवारच्या रात्रींविषयी. तपमापकातील पारा शून्याच्या खाली उतरून तेथेच मुक्काम ठोकून असे. अशा रात्री धर्मग्रामातील दोन निवृत्त गृहस्थ आम्हांला मोटारीत घालून सामन्याला नेत, आणि सामना संपला की बर्गर खायला. एक शाळामास्तर, दुसरे शहराच्या बसगाडीचे चालक. दोघांची मैत्री चाळीस वर्षांची, आणि या चाळीस वर्षांत बास्केटबॉलविषयी त्यांचे एकदाही एकमत झालेले नव्हते.

मास्तर सेंट जॉन्सचे. हे कॉलेज शहरापासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, कॉलेजव्हिल येथे, बेनेडिक्टाइन संन्याशांनी १८५७ साली काढलेले. बसवाले सेंट थॉमसचे. ते सेंट पॉल शहरातच, आर्चबिशप जॉन आयर्लंड यांनी १८८५ साली स्थापिलेले. दोन्ही कॅथलिक, दोन्ही १९२० साली स्थापन झालेल्या एकाच प्रादेशिक लीगचे संस्थापक सदस्य, आणि म्हणूनच एकमेकांचे हाडवैरी. आमची वाटणी करण्याचा प्रयत्न पहिल्याच भेटीत झाला. "फादर, तुम्ही धर्मप्रांतीय, म्हणजे आमचेच," बसवाले म्हणाले. त्यावर मास्तरांनी विचारले, "फादर, सेमिनरीत उपासनाशास्त्राची पुस्तके कोणाची वाचलीत?" प्रश्न बिनतोड होता. कॉलेजव्हिल हे नाव आमच्या पिढीच्या सेमिनरीयनांना परिचित होते ते ग्रंथांच्या मुखपृष्ठामागे, प्रकाशनस्थळ म्हणून. व्हर्जिल मायकल यांनी उपासना-चळवळीचे नियतकालिक १९२६ साली तेथूनच सुरू केले होते. त्या मठाच्या अंगणात बास्केटबॉलचा एकच प्रशिक्षक १९६४ पासून २०१५ पर्यंत ५१ हंगाम टिकला, हे मात्र आम्हांला मास्तरांनी सांगितले. एवढा काळ एका जागी तर आमच्याकडे धर्मगुरूलाही ठेवीत नाहीत.

तो खेळ त्या शहराच्या हाडीमांसी कसा खिळला आहे, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या ईश्वरशास्त्र शिकलेल्या शिक्षकाने, थंडीमुळे कोंडलेल्या अठरा विद्यार्थ्यांसाठी पीच फळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि तेरा नियम लिहिले. त्या अठरांपैकी एक जण पुढे सेंट पॉलच्या हॅमलिन कॉलेजात व्यायामशिक्षक झाला. ९ फेब्रुवारी १८९५ रोजी हॅमलिनच्या एका इमारतीच्या बुटक्या तळघरात दोन कॉलेजांमधला पहिला सामना झाला, असे मानतात. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ खेळाडू होते. पाहुण्या कृषिविद्यालयाने यजमानांना ९-३ असे हरवले. तेच हॅमलिन आजही त्याच लीगमध्ये खेळते. (हा खेळ आपल्याकडे आला तोही अशाच मार्गाने, वायएमसीएच्या मंडळींबरोबर. मुंबईच्या नागपाड्यात तो पिढ्यान्‌पिढ्या कसा रुजला, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

सामन्याचे तंत्र आम्हांला थोडेच कळे. आमचे लक्ष त्या दोघांच्या बोलण्याकडे. ते बोलणे आमच्या गावच्या ओट्यावरील गप्पांसारखेच होते: सुरुवात खेळाडूच्या मनगटापासून व्हायची, मग त्याच्या आजोबांचे मनगट निघायचे, मग आजोबांचे दुकान, मग त्या दुकानाच्या जागी आता काय आहे ते. फ्री थ्रो गुडघे वाकवून टाकावा की नाही यावर एकदा पाऊण तास वाद चालला. आम्ही प्रवचनांवर इतका वेळ चर्चा झालेली ऐकलेली नाही.

वादाचा उत्तरार्ध बर्गरवर. मिनिआपोलिसच्या सीडर अव्हेन्यू या रस्त्यावर जेमतेम पाच किलोमीटर अंतरावर दोन जुनी भोजनगृहे आहेत, 'मॅट्स बार' आणि 'फाइव्ह-एट क्लब'. बर्गरमध्ये चीज वर न ठेवता आत भरण्याची युक्ती आपलीच, असा दोघांचाही दावा आहे. खिम्याच्या दोन पातळ टिक्क्या घ्यायच्या, मध्ये चीज ठेवायचे, कडा दाबून बंद करायच्या आणि तव्यावर टाकायचे. आमच्या आईच्या हातची करंजी आम्ही त्यांना वर्णन करून सांगितली, तेव्हा बसवाल्यांना तिचे तंत्र तत्क्षणी उमगले: कड फुटली की सारे गेले. या पदार्थाला 'ज्युसी ल्युसी' म्हणतात. मॅट्समध्ये त्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधले एक अक्षर गाळलेले आहे आणि ते गाळलेले अक्षर हाच तेथे अस्सलपणाचा दाखला समजतात. अक्षर असलेला बर्गर तो पाखंडी! २०१४ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा मॅट्समध्ये जेवून गेले, हा मास्तरांच्या हातातील हुकमाचा पत्ता होता. बसवाले म्हणत, ओबामांना कोणी पत्ता चुकीचा दिला असेल. पहिला घास घाई न करता घ्यावा असे वाढणारी बाई बजावते, कारण आतले चीज उकळत असते. आम्ही दोन्हीकडचे खाल्ले. आमचे मत आम्ही दोघांनाही सांगितले नाही; येथेही सांगणार नाही.

मार्च उजाडला आणि प्रायश्चित्तकाळ सुरू झाला. महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा नेमकी याच दिवसांत रंगात येते, आणि तेथील कॅथलिकांपुढे दर शुक्रवारी तोच पेच उभा राहतो: सामना आहे, पण मांस नाही. या पेचातून एक इतिहास घडलेला आहे. सिनसिनाटी शहराच्या एका कॅथलिक वस्तीत लू ग्रोएन नावाच्या गृहस्थांचे मॅकडॉनल्ड्सचे दुकान होते. शुक्रवारी गल्ला रिकामा राही. त्यांनी माशाचा बर्गर तयार केला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक यांना मात्र स्वतःचा बर्गर पुढे आणायचा होता, ज्यात मांसाऐवजी अननसाची चकती होती. १९६२ च्या शुभ शुक्रवारी दोन्ही विक्रीस ठेवायचे, जिंकेल तो राहील, असे ठरले. माशाचे ३५० खपले, अननसाचे ६. आज तो माशाचा बर्गर देशोदेशी मिळतो. त्याचे मूळ एका धर्मग्रामाच्या उपवासात आहे, हे खाणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल? आम्हांला कुतूहल आहे ते अननसवाल्या सहा जणांचे.

मास्तरांची आणखी एक आवडती कथा होती ती पेनसिल्व्हेनियातील इमॅक्युलाटा या धर्मभगिनींच्या कॉलेजची. व्यायामशाळा जळून गेलेली, विमानात आयत्या वेळी रिकाम्या राहिलेल्या जागांवर बसून गेलेल्या अवघ्या आठ मुली, आणि १९७२ सालचे महिलांचे राष्ट्रीय विजेतेपद! पुढची दोन वर्षेही तेच जिंकले. त्यांच्या सामन्यांना सिस्टर्स लोखंडी बादल्या घेऊन येत आणि काठ्यांनी बडवीत. आपल्या वाचकांतील सिस्टरांनी यातून कोणताही बोध घेऊ नये, अशी विनंती आहे.

बसवाल्यांच्या बाजूची खुर्ची मात्र आमच्या मनातून जात नाही. सेंट थॉमसच्या व्यायामशाळेत ते नेहमी एकाच ठिकाणी बसत आणि डावीकडच्या जागेवर कोट ठेवीत. ती जागा त्यांच्या पत्नीची. २०१६ च्या फेब्रुवारीत ती निवर्तली. मार्चमध्ये त्यांच्या कॉलेजने, २०११ नंतर दुसऱ्यांदा, तिसऱ्या विभागाचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. अंतिम सामना त्यांनी एकट्याने घरी, दूरदर्शनचा आवाज बंद करून पाहिला. पुढल्या हिवाळ्यात पहिल्या सामन्याला ते आले, कोट ठेवला, आणि थोड्या वेळाने कोणीतरी तो उचलून बाजूला केला. पाहतात तो मास्तर, सेंट जॉन्सचा लाल गळपट्टा गुंडाळून, सेंट थॉमसच्या ऐन गोटात! खाली बसताबसता ते एवढेच म्हणाले, "तुमचा सेंटर फार हळू धावतो." त्या हिवाळ्यापासून मास्तर प्रत्येक बुधवारी येत राहिले. सांत्वनाचा एक शब्द ते बोलले नाहीत, असे बसवाल्यांनी आम्हांला सांगितले, आणि हे सांगताना त्यांचा स्वर कृतज्ञतेचा होता. मृतांच्या घरी आम्ही गेली पंचवीस-तीस वर्षे जातो आहोत. तेथे शब्दांची आमची जी सवय, तिच्याकडे आम्ही त्या रात्री जरा संशयाने पाहिले.

आणि मग २०१९ चा मे महिना आला. सेंट थॉमसने लीगमधून बाहेर पडावे, असा निर्णय जाहीर झाला. कारण उघड होते. त्या कॉलेजची विद्यार्थिसंख्या इतर बहुतेकांच्या दुपटीच्या आसपास, आणि २०१७ मध्ये त्याच्या फुटबॉल संघाने सेंट ओलाफ कॉलेजला ९७-० असे चिरडले होते. दुबळ्यांनी बलवानाला घराबाहेर काढले. आपल्याकडील आंतर-धर्मग्राम स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही मनःस्थिती समजावून सांगण्याची गरज नाही: तोच तो धर्मग्राम दरवर्षी ढाल घेऊन जातो, आणि चौथ्या वर्षी कोणीतरी त्याच्याविरुद्ध नियम शोधून काढतो. निर्णय अन्यायाचा होता असे आम्हांला वाटत नाही. ९७ गुणांनी हरणाऱ्या मुलांचाही विचार कोणीतरी करायला हवा. तरी जो वैरी शतकभर आपल्याला घडवीत आला, त्याला निरोप देण्याची ही रीत कोरडी होती.

मास्तर वर्षभर म्हणत आले होते की सेंट थॉमसला हाकलले पाहिजे. बातमी आली त्या संध्याकाळी तिघे जेवायला बसलो, तर तेच सर्वांत गप्प. बसवाले मात्र फुशारक्या मारीत होते, की आता आम्ही थेट पहिल्या विभागात जाणार, दूरदर्शनवर दिसणार. (तसे ते २०२१ साली गेलेही, तिसऱ्या विभागातून थेट पहिल्यात.) मास्तरांनी बर्गर अर्धा ठेवला. "मग बुधवारी काय करायचे?" त्यांनी विचारले. या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि बसवाल्यांजवळही नसावे, कारण त्यांनी एकदम गुणफलकाच्या दिव्यांचा विषय काढला.

आम्ही परतलो. लीगमधला सेंट थॉमसचा शेवटचा हंगाम महामारीत गेला. दोघांचे फोन येत, बहुधा स्वतंत्रपणे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची प्रकृती आमच्याकडून जाणून घेई, जणू आम्हीच त्या शहरात राहत होतो!

२५ मार्च २०२२ रोजी, आमच्याकडे रात्रीचे आठ वाजले असताना, फोन आला तो दोघांचा एकत्र. त्या दिवशी सेंट पीटर्स या जर्सी सिटीच्या लहानशा जेझुइट कॉलेजचा सामना बलाढ्य पर्ड्यू विद्यापीठाशी होता. पंधराव्या मानांकनाच्या या संघाने आधी केंटकीला हरवून देशभर खळबळ उडवली होती. सामना पाहायला बर्गरच्या दुकानात जाण्याचा त्यांचा बेत होता, पण वार शुक्रवार, काळ प्रायश्चित्ताचा. मास्तरांचे म्हणणे मासा खावा. बसवाले म्हणत, आज गब्रिएल देवदूताने मरियेला संदेश दिल्याचा सण आहे, तेव्हा मांस चालते. निवाड्यासाठी फोन सात समुद्रांपलीकडे. धर्मसंहितेचा कलम १२५१ आम्ही उघडला. शुक्रवारी महोत्सव आला तर मांसवर्जनाचे बंधन नाही, हे तेथे स्पष्ट लिहिलेले आहे. त्या वर्षी तो महोत्सव शुक्रवारीच होता. निकाल बसवाल्यांच्या बाजूने गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला. सेंट पीटर्स ६७-६४ ने जिंकले होते. पंधराव्या मानांकनाचा संघ अखेरच्या आठांत पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. आणि वाद हरल्याचा दंड म्हणून मास्तरांना फाइव्ह-एट क्लबमध्ये जावे लागले होते.