रेषेवरचा चेंडू

खेळ म्हटला की जय-पराजय आलाच, असे वडीलधारी माणसे नेहमी सांगतात. ऐकताना ते सोपे वाटते. परंतु पहिल्यावहिल्या स्पर्धेचा दिवस जवळ येऊ लागला, म्हणजे त्या साध्या वाक्याचा अर्थ किती अवघड आहे, हे उमगू लागते. टेनिसच्या माझ्या पहिल्या स्पर्धेने मला तो अर्थ तर शिकवलाच, पण त्याहून मोलाची आणखी एक गोष्टही शिकवली. तीच आज तुम्हांला सांगतो.

माझे बालपण साताऱ्यात गेले. आमच्या जिल्ह्यातील गोळेश्वर या गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले होते, हे आम्हां मुलांना पाढ्यांसारखे पाठ होते. त्यानंतर एखाद्या भारतीय खेळाडूला वैयक्तिक पदक मिळण्यास तब्बल ४४ वर्षे जावी लागली. १९९६ साली अटलांटा येथे लिअँडर पेस याने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले. पदकाच्या त्या सामन्यात पहिला सेट गमावूनही त्याने पुढचे दोन्ही सेट जिंकले. ही बातमी आली आणि आमच्या आळीतील मुले लाकडी फळ्या हाती घेऊन भिंतीवर चेंडू बडवू लागली. मामांनी मला त्यांची जुनी रॅकेट दिली, आणि मी गावातील एका छोट्या क्लबात जाऊ लागलो.

त्या क्लबाचे कोर्ट मातीचे होते. त्याची निगा राखणाऱ्या गृहस्थांना आम्ही नुसते 'काका' म्हणत असू. काका पहाटे येत, मातीवर पाणी शिंपडत, जड रूळ फिरवून जमीन सपाट करत, आणि मग दोन खिळ्यांना सुतळी ताणून बांधून तिच्या कडेने फक्कीची रेषा ओढत. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब आणि एकेरीच्या खेळासाठी २७ फूट रुंद असते. एवढी लांबी-रुंदी ते सुतळीने मोजून अगदी काटेकोर आखत. दोन बोटे रुंदीची ती पांढरी रेषा ओल्या तांबड्या मातीवर फार सुंदर दिसे. आम्ही धावत कोर्टावर शिरलो, की काका म्हणत, ''पोरांनो, रेषा आखायचं काम माझं. राखायचं तुमचं!'' पायाने फक्की पुसू नका, एवढाच त्याचा अर्थ आम्ही तेव्हा घेत असू.

१९९७ च्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बारा वर्षांखालील मुलांची स्पर्धा होणार होती. आमच्या सरांनी तीत माझे नाव घातले, आणि तयारीसाठी दोन महिने मिळाले.

सरांची शिस्त कडक होती. सकाळी दोरीवरच्या उड्या आणि धावणे होई. संध्याकाळी भिंतीवर सराव चाले. जाळीची उंची मध्यभागी ३ फूट असते. म्हणून सरांनी भिंतीवर तेवढ्या उंचीवर खडूने रेघ मारली होती. चेंडू त्या रेघेच्या वरच लागला पाहिजे, असा दंडक होता. त्यानंतर सर्व्हिसचा सराव. सर्व्हिस करणाऱ्याला दोन संधी मिळतात. पहिली चुकली तरी दुसरी हाती असते. ''पहिली जोराने करा, पण दुसरीवर विश्वास ठेवता येईल अशी ती घोटून ठेवा,'' असे सर सांगत. लव झडून गुळगुळीत झालेल्या चेंडूंची बादली मी रोज दोनदा रिकामी करीत असे आणि दोनदा वेचून भरीत असे.

स्पर्धा आठ दिवसांवर आली, तसा माझ्या पोटात भीतीचा गोळा उठू लागला. जेवण जाईना, झोप येईना. सरांच्या हे ध्यानात आले. त्यांनी मला जवळ बसवून मातीत काडीने आकडे मांडले. स्पर्धेत ३२ मुले होती. जो हरेल तो बाहेर पडणार. म्हणजे पहिल्या फेरीत १६ मुले हरणार, दुसरीत ८, मग ४, २ आणि शेवटी १. ''बेरीज कर,'' सर म्हणाले. मी केली, ती ३१ आली. ''३२ पैकी ३१ जणांना हरूनच घरी जायचे आहे. मग हरण्याची लाज कसली धरायची? लाज धरायची ती वाईट खेळण्याची नव्हे, तर वाईट वागण्याची.'' त्या साध्या बेरजेने माझ्या मनावरचे ओझे पुष्कळ हलके झाले.

त्यानंतर तयारीचा शेवटचा भाग सुरू झाला. लहान मुलांच्या सामन्यांत प्रत्येक कोर्टावर पंच असतोच असे नाही. तेव्हा आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे आपणच पुकारायचे असते. चेंडूचा रेषेला निसटता स्पर्श झाला, तरी तो आतच धरतात. आणि डोळ्यांना नक्की कळले नाही, संशय राहिला, तर गुण प्रतिस्पर्ध्याला द्यायचा, असा नियम आहे. सरांनी आठवडाभर आमचे सामने पंचाविना खेळवले. स्वतःच्या विरुद्ध मोठ्याने ''आत!'' असे म्हणण्याचा सराव सर्व्हिसच्या सरावाइतकाच अवघड होता. काकांच्या बोलण्याचा दुसरा अर्थ मला त्या आठवड्यात कळला.

अखेर तो दिवस उजाडला. आईने डब्यात केळी आणि बाटलीत मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत दिले होते. माझा प्रतिस्पर्धी माझ्याच उंचीचा, अबोल मुलगा होता. जो आधी ९ गेम जिंकेल तो विजयी, असे ठरलेले होते. आम्ही बरोबरीने झुंजत राहिलो. तो ८ आणि मी ७ गेमवर असताना सर्व्हिस माझ्याकडे आली, आणि गुण झाले ३०-४०. आणखी एक गुण मिळताच सामना त्याचा होणार होता.

मी प्राण एकवटून चेंडू त्याच्या मागच्या रेषेकडे मारला. त्याला तो पोहोचता आला नाही. चेंडू कोठे पडला, हे मला जाळीपलीकडून दिसणे शक्य नव्हते. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी ''बाहेर गेला,'' असे पुटपुटलेही. त्या मुलाने तोच एक शब्द उच्चारला असता, तर सामना संपला असता. आणि त्याला कोणी जाबही विचारला नसता. तो मागे वळला, मातीवर वाकला, चेंडूची खूण पाहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाला, ''आत!''

गुण ४०-४० झाले. पुढचे दोन्ही गुण मात्र त्यानेच मिळवले आणि सामना जिंकला. हस्तांदोलन करताना मी त्याला त्या चेंडूविषयी विचारले. तो सहजपणे उत्तरला, ''फक्की उडाली होती ना!'' जणू त्यात विशेष असे काही नव्हतेच. त्याच्याही गावी एखादे काका सुतळी ताणून रेषा आखत असतील, असे मला वाटून गेले. ३१ जणांतला एक होऊन मी परतलो, पण मन खिन्न नव्हते.

आज मोठ्या स्पर्धांतून रेषेवर यंत्रांची नजर असते. विंबल्डन येथे तर २०२५ पासून रेषेवरचे पंच जाऊन त्यांच्या जागी कॅमेऱ्यांची योजना आली आहे. परंतु तुमच्यापैकी कोणी उद्या एखाद्या लहानशा स्पर्धेत उतरला, तर त्याच्या कोर्टावर बहुधा कॅमेरा नसेल, आणि कदाचित पंचही नसेल. चेंडू रेषेजवळ पडेल, प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे वाट पाहत उभा असेल, आणि निर्णय सर्वस्वी तुमच्यावर सोपवलेला असेल. त्या एका क्षणाची तयारीही सर्व्हिसच्या तयारीबरोबरच, आजपासून करावयास हवी.