दोन दिवस मैत्रिणीचे

खरं सांगू? गेल्या फेब्रुवारीत मी मुंबईला गेले ती मैत्रिणीची चांगली कानउघाडणी करायला म्हणून!

त्याचं असं झालं. माझी ही पार्ल्याची मैत्रीण कॉलेजपासूनची. सांगलीला होस्टेलवर आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. पुढं लग्न होऊन ती मुंबईला गेली, मी सांगलीतच राहिले. पण आधी पत्रं, मग फोन, असं आमचं कधी तुटलं नाही. श्रावणात तिचे यजमान अचानक गेले. मुलगा बंगलोरला नोकरीला. घरात ही एकटी. मी दर रविवारी संध्याकाळी न चुकता तिला फोन करायची. चारएक महिने झाले असतील, एका रविवारी तिनं फोन उचलला तर मागं धडाधड डिस्कोचं गाणं चाललेलं! ‘थांब हं, आवाज कमी करते,’ म्हणाली. मी काही बोलले नाही, पण मनाला ते खटकलंच. वर्षसुद्धा सरलं नाही, अन् घरात ही असली गाणी? शेजारीपाजारी काय म्हणतील? पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

शेवटी ह्यांच्याजवळ बोलले. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, ‘फोनवरून काय कळणार? दोन दिवस जाऊन ये. माझं मी बघेन.’ झालं! भडंगाची पिशवी, शेंगदाण्याची चटणी आणि मनातल्या मनात पाठ केलेलं भाषण बरोबर घेऊन मी शुक्रवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसले.

सकाळी दादरला ती फलाटावर उभीच होती. किती वाळली होती! तिला पाहताच निम्मं भाषण मी विसरले. घरी आलो. कोपऱ्यातली यजमानांची आरामखुर्ची तशीच, शेजारी त्यांच्या कॅसेटचं कपाट तसंच. चहा घेता घेता मी विषय काढणार, तोच ती म्हणाली, ‘अगं, आधी बाहेर पडू. घरात बसून बोलायला लागलं की मला रडू येतं.’

दुपारी चर्चगेटची गाडी पकडली. तिथून चालत काळा घोडा. कुठं नेतेय ते तिनं सांगितलं नव्हतं. एका बंद दुकानासमोर उभी राहून म्हणाली, ‘हे आमचं रिदम हाऊस.’ १९४८ साली निघालेलं ते गाण्यांचं दुकान २०१६ साली बंद पडलं, हे मी पेपरात वाचलेलं. पण तिचा त्याच्याशी असा संबंध असेल असं वाटलं नव्हतं. लग्नानंतर यजमान तिला दर महिन्याला इथं आणायचे. छोट्या खोल्यांत उभं राहून आधी रेकॉर्ड ऐकायची आणि मग विकत घ्यायची, अशी तिथं सोय होती. ते भावगीतं, नाट्यगीतं निवडायचे. ही नाझिया हसनच्या कॅसेटकडं नुसती लांबून बघायची.

‘मागितली का नाहीस कधी?’ मी विचारलं.

‘एकदा मागितली. “त्या धिंगाण्याला कशाला पैसे घालवायचे?” म्हणाले, हसतच. वाईट नव्हते गं ते. मलाही मग मागावंसं वाटलं नाही.’

समोरच तो नवा काळा घोडा होता. आधीच्या पुतळ्यावर इंग्रजांचा राजा बसलेला होता. तो १९६५ साली तिथून हलवला, आणि २०१७ साली हा घोडा बसवला, पाठीवर कुणी नसलेला. ती त्याच्याकडं बघत म्हणाली, ‘सवय होते म्हणे हळूहळू.’ मी तिचा हात घट्ट धरला. दुसरं काय करणार?

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो, चणे-शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन. आता मात्र मी तोंड उघडलं. पण सरळ मुद्द्यावर यायचा धीर होईना, म्हणून गाण्यांवरूनच सुरुवात केली.

‘तुला त्या पॉप गाण्यांत गोडी तरी काय वाटते? ना शब्द, ना राग. नुसते ठोके. मिरच्या कांडल्यासारखे!’

तिला हेच हवं होतं की काय कोण जाणे! खूप दिवसांनी तिचा कॉलेजातला आवाज निघाला. ‘“कुर्बानी” आठवतो? १९८० सालचा. त्यातलं नाझियाचं गाणं ऐकून होस्टेलवर कोण नाचलं होतं? मी का तू?’

मी गप्प! कारण नाचले होते मीच. खोलीचं दार आतून लावून.

‘अगं, तेव्हा ती पोर अवघी पंधरा वर्षांची. कराचीची. लंडनमध्ये बिद्दूनं तिच्याकडून ते गाणं गाऊन घेतलं आणि आपल्याकडं फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं तिला. पुढच्याच वर्षी भावाबरोबर “डिस्को दीवाने” काढलं. आणि २००० साली गेलीसुद्धा, पस्तीसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या कर्करोगानं. तिचा आवाज ऐकताना मिरच्या नाही गं आठवत मला.’

मग उषा उथुप निघाली. शाळेत म्हणे आवाज जाडा म्हणून तिला गाण्याच्या वर्गात घेतलं नव्हतं. तीच बाई पुढं कांजीवरम नेसून, भलंमोठं कुंकू लावून नाइट क्लबात इंग्रजी गाणी म्हणू लागली, आणि २०२४ साली पद्मभूषण झाली! यावर मी काय बोलणार? मलाही ती आवडतेच. मग स्वीडनचं आब्बा निघालं. दोन जोडपी मिळून गायची. दोघांचेही संसार मोडले, १९८२ नंतर गाणंही थांबलं. पण सत्तरी ओलांडल्यावर चौघं पुन्हा एकत्र आले आणि २०२१ साली नवी गाणी काढली. ‘संसार मोडला तरी सूर जुळले बघ,’ म्हणाली. अलिशा चिनॉयचं १९९५ सालचं ‘मेड इन इंडिया’ निघालं, तेव्हा त्यातल्या मिलिंद सोमणवरून साठी ओलांडलेल्या आम्ही दोघी अशा काही खिदळलो की शेजारची कॉलेजची पोरं वळून बघायला लागली.

एका बाबतीत मात्र आमचं एकमत झालं. जुन्या सुंदर गाण्याला नवे ठोके लावून विकतात ते आम्हा दोघींनाही मुळीच खपत नाही. शिळ्या भाताला फोडणी द्यावी. श्रीखंडाला कुणी देतं का?

दिवे लागले. समुद्रावरून वारा सुटला. मी हळूच म्हटलं, ‘पण वर्षाच्या आत, मोठ्यानं अशी गाणी... मला बरं नाही वाटलं गं.’

ती बराच वेळ समुद्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘माणिक वर्मा लावल्या की ते त्या खुर्चीत बसलेले दिसतात. बाबूजींचा आवाज आला की ते पुढची ओळ म्हणतील असं वाटतं. गीतरामायणाची छप्पन्नच्या छप्पन्न गाणी त्यांना पाठ. एकही ऐकवत नाही मला. आणि घरात शांतता ठेवली तर ती खायला उठते. ही धांगडधिंग्याची गाणी तेवढी त्यांनी कधी ऐकली नाहीत. या गाण्यांत ते नाहीत गं. म्हणून मी ती लावते.’

माझं उरलेलं भाषण तिथंच समुद्रात बुडालं.

रविवारी सकाळी दादरला मिसळ खाल्ली, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्यांना नावं ठेवली, आणि बाजारातून मेथी घेऊन घरी आलो. दुपारी मी मेथी निवडत होते. मीच म्हटलं, ‘लाव की तुझी नाझिया.’ तिनं चमकून माझ्याकडं बघितलं आणि फोनवर गाणं लावलं. इतक्यात दारावर थाप! शेजारच्या आजी. मला वाटलं, आली तक्रार. आजी म्हणाल्या, ‘आवाज बारीक नका करू हो. पहिल्या दोन महिन्यांत भिंतीपलीकडून काही ऐकू यायचं नाही. मला रात्र रात्र काळजी वाटायची. आता गाणं लागलं की कळतं, बाई उठली, चहा टाकला.’

‘शेजारी काय म्हणतील’ म्हणून मी सांगलीहून धावत आले होते. शेजारी हे म्हणत होते!

रात्रीच्या गाडीत बसल्यावर स्वतःचीच लाज वाटली. दर रविवारी फोन करून मी तिची चौकशी करत होते, पण ‘ही गाणी का लावतेस?’ हा साधा प्रश्न तिला कधी विचारला नव्हता. विचारण्याआधीच निकाल देऊन मोकळी झाले होते. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची मैत्रीण अशा दुःखात असेल आणि तिचं वागणं तुम्हाला विचित्र वाटत असेल, तर जमल्यास दोन दिवस जाऊन या. तिच्याबरोबर हिंडा, वाद घाला, भाजी निवडा. घरचं कुणी ना कुणी बघतं. आमच्या ह्यांनी दोन दिवस पिठलं-भातावर काढले आणि चक्क भांडीही घासली!

आता माझ्या दर रविवारच्या फोनची सुरुवात ‘आज काय लावलंयस?’ अशीच होते. परवा रामनवमीला वार रविवार नव्हता, तरी तिचाच फोन आला. मागं अगदी शांत होतं. मी नेहमीसारखं विचारलं.

‘गीतरामायण लावलं होतं,’ ती म्हणाली. ‘तिसऱ्या गाण्याला बंद केलं. पण लावलं.’