प्रामाणिक भूत

संगीताच्या शौकिनांत जसे शास्त्रीयवाले आणि नाट्यसंगीतवाले असे तट असतात, तसे ते भुताच्या सिनेमाच्या शौकिनांतही असतात, हे मला ह्या सोसायटीत राहायला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. एक तट म्हणतो, भूत दिसता कामा नये. दुसरा म्हणतो, तिकिटाचे पैसे मोजलेत तर भूत दिसलंच पाहिजे. पहिल्या तटाचे पुढारी दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक. दुसऱ्याचे, बरोबर त्यांच्या डोक्यावर राहणारे बँकेतले काका. गेली चाळीस वर्षं दोघे एकमेकांचा चहा पितात आणि एकमेकांचं एकही मत मानत नाहीत.

दर शनिवारी रात्री नऊला प्राध्यापकांच्या दिवाणखान्यात आम्ही पाचसहा साठी उलटलेले लोक जमतो. त्यांच्या भाच्यानं टीव्हीला काहीतरी जोडून दिलंय, त्यात जगातले सगळे सिनेमे आहेत म्हणे. दिवे मालवायचे, की आतून वहिनींचा आवाज येतो, "अहो, एक तरी राहू द्या, कुणीतरी धडपडेल." भीती वाटायला जमलेल्या माणसांना ह्याहून मोठा अडथळा नाही.

प्राध्यापकांची गाडी दर वेळी १९४९ च्या 'महल'वर येऊन थांबते. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, अशोककुमार, मधुबाला आणि तो झोपाळा. लताबाईंचं गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून त्यांना खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत यायला लावलं होतं, हे सांगताना ते स्वतःच स्वयंपाकघराच्या दारापासून सोफ्यापर्यंत चालत येतात. गात नाहीत, हे आमचं नशीब. पहिल्या रेकॉर्डांवर गायिका म्हणून सिनेमातल्या पात्राचं नाव छापलं होतं, कामिनी. "म्हणजे बघा, भुताचं गाणं रेडिओवर लागत होतं आणि लोक विचारत होते, ही बाई कोण!"

"कोण कसली?" काका म्हणतात. "शेवटी माळ्याची मुलगीच निघाली ना!"

काकांची मुख्य तक्रार ही आहे. १९६२ चा 'बीस साल बाद' बघा, मूळ कल्पना कॉनन डॉइलची, म्हणजे भुताच्या मागे गुन्हेगार असणार हे आलंच. १९६४ चा 'वह कौन थी' तर त्यांचं जुनं दुखणं. धो धो पाऊस, रिकामा रस्ता, पांढऱ्या साडीतली साधना मनोजकुमारच्या गाडीत बसते आणि कब्रस्तानापाशी उतरवा म्हणते. फाटक आपोआप उघडतं. काका आजही इथं पाय वर घेऊन बसतात. आणि शेवटी कळतं काय, तर हे सगळं इस्टेटीसाठी! "अडीच तास माणसाची गाळण उडवायची आणि मग सांगायचं की हा दिवाणी दावा होता. ही फसवणूक आहे!" खरं सांगायचं तर मला त्यांचं पटतं. पण तिथं बोलता येत नाही, कारण शेंगदाणे प्राध्यापकांचे असतात.

ही फसवणूक थांबवली ती रामसे बंधूंनी, असं काकांचं म्हणणं. ह्या घराण्याचा मराठीशी असलेला संबंध फारच थोड्यांना माहीत असतो. फाळणीआधी वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान. मुंबईत आल्यावर ते चित्रपटनिर्मितीत पडले. १९७० साली त्यांनी 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' काढला. दिग्दर्शक कोण? विश्राम बेडेकर! 'रणांगण'चे! सिनेमा पडला. पण एका प्रसंगात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करायला जातात, तेवढ्यासाठी लोक पुन्हापुन्हा येत होते. मुलांनी बापाला सांगितलं, बाकीचं सोडा, आपण एवढंच काढू. मग सात भावांनी कामं वाटून घेतली. कुणी लिहिणार, कुणी कॅमेरा, कुणी ध्वनी, कुणी संकलन, दोघे दिग्दर्शन. अख्खं खटलं महाबळेश्वरला नेलं, स्वयंपाकाला घरच्याच बायका, आणि १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' तयार. एकत्र कुटुंबाचा इतका उपयोग आमच्या नात्यात तरी कुणी करून घेतलेला नाही. आमच्याकडे सात भाऊ एका बसनं महाबळेश्वरला निघाले असते, तर वाईलाच दोन गट पडले असते.

"भूत म्हटलं की भूत!" काका सांगतात. "शेवटी वकील येत नाही." १९८४ चा 'पुराना मंदिर' त्यांनी किरकोळ रजा टाकून, घरी ऑडिटला जातो असं सांगून पाहिला. तेव्हा आमच्यासारख्या घरांतून रामसेपटाला जाणं आणि मटका लावणं ह्यांत फारसा फरक मानत नसत. त्यातला तो अगडबंब सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल शिक्षणानं इंजिनिअर, तोही रुरकीचा, हे कळल्यावर मात्र प्राध्यापक जरा वरमले. पुढे १९९३ ला हेच रामसे झी टीव्हीवर आले, आणि सगळी सभ्य घरं जेवणं आटपून त्यांच्यासमोर बसली.

दुर्लक्षित सिनेमात माझा उमेदवार ठरलेला आहे. १९७६ चा 'हा खेळ सावल्यांचा'. काशिनाथ घाणेकर, आशा काळे. त्यातल्या गोमूच्या गाण्यावर आपण लग्नात नाचतो, पण ते एका भीतीच्या सिनेमातलं आहे हे नवऱ्यामुलाला माहीत नसतं. (नंतर आपोआप कळतं.) गाणारे हेमंतकुमार. 'बीस साल बाद'चे निर्मातेही तेच.

मागच्या महिन्यात प्राध्यापकांच्या नातीनं 'तुंबाड' लावला. २०१८ साली हा आला तसा गेला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतलं, गोष्टीचं मूळ नारायण धारपांकडे. सतत पाऊस, पडका वाडा, पुरलेलं धन, आणि बाप जातो तिथंच मुलगा जातो. संपल्यावर दोघांनाही भांडता येईना. भूत चक्क दिसत होतं, म्हणून काका खूश. आणि मामला इस्टेटीचाच होता, म्हणून प्राध्यापकांना म्हणता येत होतं, "बघा!"

पण कुणी बोललं नाही. इस्टेटीचा विषय सध्या आमच्याकडे नाजूक आहे. इमारत पाडून नवी बांधायची ठरलीय. दिवाळीनंतर जागा रिकाम्या करायच्या, प्राध्यापक मुलीकडे कोथरूडला जाणार, काका पुतण्याकडे पिंपरीला. तीन वर्षांत ताबा, असं बिल्डर म्हणतो. रामसे एवढं धडधडीत कधी बोलले नाहीत.

काका सहा वर्षांपासून एकटे आहेत. शनिवारी सिनेमा संपला की प्राध्यापक पायात चपला अडकवतात. "जेवण जिरत नाही हल्ली, चार पायऱ्या चढून येतो." हातात टॉर्च. वरचं कुलूप उघडेपर्यंत उभे राहतात. भूत दिसलंच पाहिजे म्हणणाऱ्या काकांच्या घरात रात्रभर दिवा जळतो, हे खालच्या गॅलरीतून सगळ्यांना दिसतं. त्याबद्दल प्राध्यापक कधी चकार शब्द काढत नाहीत.

परवा बिल्डरचा पोरगा पसंतीचे फॉर्म घेऊन आला. मजला कितवा हवा, दिशा कोणती. काकांनी दिशेच्या रकान्यात लिहिलं, 'प्राध्यापकांच्या वर.' पोरगा म्हणाला, "काका, अशी दिशा नसते." काका म्हणाले, "मग खाली त्यांना विचार, त्यांनी काय लिहिलंय ते."

तो उतरला. प्राध्यापकांनी रकाना कोरा ठेवला होता. चष्मा पुसत त्यांनी आधी विचारलं, "वरच्यानं काय लिहिलंय?"