मुका दांत

जें दुखतें त्याचीच काळजी माणूस घेतो. जें दुखत नाहीं त्याची त्यास आठवणही होत नाहीं. हें सत्य आम्हांस पन्नाशीनंतर एका दाढेनें शिकविलें, आणि तीही विकतच्या.

मूळची दाढ सुपारीपायीं गेली. वडिलांचा पितळी अडकित्ता वारशानें आमच्याकडे आला व त्याबरोबर त्यांची संवयही आली. दाढ वर्षभर ठणकत होती. आम्ही लवंगेच्या तेलानें तिचें तोंड बंद करीत होतों. अखेर ती काढावी लागली. पुढें बुलढाण्याच्या थंडींत एका स्नेह्याच्या शेतावर हुरडा खातांना दाणे त्या खिंडींत शिरून हिरडीस टोचूं लागले, तेव्हां नवी दाढ बसविण्याचा निश्चय झाला.

दंतवैद्य आमचाच जुना विद्यार्थी. त्याच्या इंग्रजी निबंधांवर आम्हीं पुष्कळ लाल शाई सांडली होती. जबड्याच्या हाडांत टायटॅनियमचा लहानसा स्क्रू बसवितात, कांहीं महिन्यांत हाड त्यास घट्ट धरतें, मग त्यावर दाढ चढवितात, असें त्यानें समजाविलें. हाड या परक्या धातूस आपलें म्हणतें, हें स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांस १९५२ सालीं उमगलें. सशाच्या पायाच्या हाडांत बसविलेलें त्यांचें उपकरण कांहीं केल्या निघेना! १९६५ सालीं त्यांनीं पहिल्या रोग्यास असे दांत बसविले.

शस्त्रक्रियेनंतर पहिला दिवस गालावर बाहेरून बर्फ; थुंकणें व चूळ भरणें बंद. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या, आणि मऊ वरणभात. तंबाखू, सुपारी वर्ज्य. हें सर्व आम्हीं निमूटपणें पाळलें. चार महिन्यांनीं दाढ बसली, तेव्हां विद्यार्थी म्हणाला, "सर, ही किडणार नाहीं, पण दुखणारही नाहीं. म्हणून हिला जास्त जपा."

खऱ्या दांताच्या मुळाभोंवतीं मज्जातंतूंचा नाजूक पडदा असतो. तो दाब आणि वेदना तत्काळ कळवितो. स्क्रूभोंवतीं तसा पडदा नाहीं. हिरडीशीं घाण सांचून खालचें हाड झिजूं लागलें तरी बहुधा कांहीं जाणवत नाहीं, आणि झिजलेलें हाड सहजासहजीं परत येत नाहीं.

वर्ष सुखांत गेलें. फटी साफ करण्याचा बारीक ब्रश खणांत पडला, आणि खणांतला अडकित्ता बाहेर आला. एके सकाळीं बेसिनांत रक्ताचा धागा दिसला. आम्हीं घाईनें पाणी सोडलें. परंतु सौभाग्यवतींनीं पाहिलेंच. "अहो, दुखत नाहीं म्हणून रक्त खोटें का?" यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

त्याच दिवशीं विद्यार्थ्यापुढें तोंड उघडून बसलों. एक्स-रेंत हाड शाबूत निघालें. हिरडीच तेवढी सुजली होती. त्यानें ती जागा साफ केली. सुपारीचे डाग त्याला दिसले असलेच पाहिजेत. पण तो एक शब्द बोलला नाहीं. आमच्या लाल शाईपेक्षां तें मौन आम्हांस अधिक झोंबलें.

आतां रोज रात्रीं तो ब्रश फिरतो, सहा महिन्यांनीं तपासणी होते, आणि अडकित्ता उत्तरपत्रिकांवर वजन म्हणून बसला आहे. ज्या ठणक्यास आम्हीं लवंगेच्या तेलानें गप्प केलें तो वैरी नव्हता, राखणदार होता. त्याची जागा आतां आम्हांसच चालवावयाची आहे.