चमत्कारिक उपकरणे आणि त्यांची उपनगरी विक्रीकला

मुंबईच्या उपनगरांत घरगुती उपकरणांचा असा एक वर्ग आढळतो की ज्यांची गरज प्रात्यक्षिक पाहण्यापूर्वी कोणालाही भासलेली नसते आणि घरी आणल्यानंतरही फारशी भासत नाही. केळ्याचे एकसारखे काप पाडणारा साचा, लिंबात खुपसून रस फवारण्याची नळी, दोरी ओढताच कांदा चिरणारी डबी आणि जागा वाचवण्यासाठी घेतलेले, पण स्वतःच माळ्यावरची जागा अडवून बसलेले घडीचे कपाट ही त्यांची ठळक उदाहरणे होत. पुढील विवेचन प्रस्तुत लेखिकेच्या बोरिवली-अंधेरी या नित्याच्या रेल्वेप्रवासावर, मुलुंड-घाटकोपरकडील ग्राहकपेठांवर आणि नात्यातल्या घरांच्या माळ्यांवर आधारलेले आहे.

या उपकरणांचे सर्वांत चोख विक्रीकेंद्र म्हणजे दुपारच्या धिम्या गाडीतील महिलांचा डबा. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४४ नुसार परवान्याशिवाय गाडीत माल विकणे हा गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही टिकल्या, पिना आणि रुमालांच्या जोडीने ही यंत्रे डब्यात येतात, आणि विक्रेतीला ओळख, प्रात्यक्षिक, घासाघीस व सुट्टे पैसे एवढा सगळा व्यवहार दोन-तीन स्थानकांच्या आत उरकावा लागतो. डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर स्थानक सुरू झाले, त्याचा प्रवाशांना झालेला लाभ सर्वज्ञात आहे. विक्रेत्यांच्या भाषणाला तेथे एक जादा स्वल्पविराम मिळाला, याची मात्र कोणी नोंद घेतलेली नाही.

"बघायचे पैसे नाहीत, ताई" या वाक्याने सुरू होणाऱ्या प्रात्यक्षिकात सुई ओवण्याचे यंत्र, म्हणजे पत्र्याच्या चकतीला जोडलेला केसासारख्या बारीक तारेचा फासा, हलत्या गाडीत, एका हाताने दांडी धरून चालवून दाखवले जाते. तार आधी नेढ्यातून जाते, मग तिच्या रुंद फाशात दोरा अडकवून तो मागे ओढला जातो. हे यंत्र खरोखर चालते आणि चाळिशी लागलेल्यांच्या उपयोगीही पडते, म्हणून या वर्गात ते अपवाद ठरते. दोरीच्या चॉपरचे तसे नाही. विक्रेती कांद्याचे चार सारखे तुकडे करून, डबी पाऊणच भरून, ठरावीक लयीत दोरी ओढते आणि तिच्या डबीतून मोत्यासारखा कांदा निघतो. लेखिकेच्या स्वयंपाकघरात मात्र त्याच डबीतून वरच्या बाजूला अर्धे कांदे आणि तळाशी लगदा निघाला, आणि तोवर सासूबाई विळीवर आठवड्याचा मसाला होईल इतका कांदा चिरून मोकळ्या झाल्या होत्या. शिवाय जाहिरातीतील सेकंद फक्त चिरण्याचे असतात. पाती, दांडा, डबी आणि झाकण धुण्याचा, त्यातही दोरीची चकती असलेल्या झाकणात पाणी शिरू न देण्याचा वेळ त्यात कधीच धरलेला नसतो. याचा अर्थ विक्रेती फसवते असा नाही. प्रात्यक्षिकात दिसते ते रोजच्या सरावाने बसलेल्या हाताचे कसब, आणि ग्राहक पैसे मोजतो ते त्या हातासाठी. घरी येते ती नुसती डबी.

किमतीचे गणितही असेच रंजक आहे. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, म्हणजे सर्व करांसह ज्याहून अधिक घेता येत नाही ती रक्कम, छापावी लागते. पण अशा उपकरणांवर ती किती छापावी याला सहसा बंधन नसते, त्यामुळे ग्राहकाला संरक्षण देण्यासाठी आलेला आकडा "बाहेर दोनशे, इथे पन्नास" या घोषणेचा छापील पुरावा बनतो.

१९९० च्या दशकात उपग्रह वाहिन्या घरोघरी पोहोचल्यावर या कलेचा दूरदर्शनसंचात प्रवेश झाला आणि तिचा बाज बदलला. अमेरिकेत रॉन पोपील यांच्यासारख्या विक्रेत्यांनी रुळवलेली पद्धत येथे आली: आधी कृष्णधवल दृश्यात एखादी गृहिणी साधा टोमॅटो चिरताना हतबल होते, मग रंग येतात, उपकरण येते आणि एकावर एक वस्तू फुकट मिळत जातात. ज्या बाईला टोमॅटो चिरता येत नाही तिने आजवर संसार कसा केला, हा प्रश्न निवेदकाला पडत नाही. जपानमध्ये केंजी कावाकामी यांनी 'चिंदोगू' हा प्रकार रूढ केला, त्यात शेवया गार करणारा पंखा बसवलेल्या काड्यांसारख्या जवळजवळ निरुपयोगी वस्तू प्रत्यक्ष बनवल्या जातात. पण त्या विकायच्या नाहीत असा त्यांचा नियम आहे. आपल्याकडील वस्तू बऱ्याचदा चिंदोगूच असतात, फक्त तो नियम पाळला जात नाही.

विनोदाची हद्द संपते ती प्रात्यक्षिकच शक्य नसलेल्या मालापाशी. चॉपर निदान कांद्यावर तपासता येतो. भरभराट आणि आरोग्य यांची हमी देणारी 'यंत्रे' कशावर तपासणार? 'हनुमान चालिसा यंत्रा'च्या अशा दूरचित्रवाणी जाहिरातींविरुद्ध औरंगाबादच्या एका शिक्षकाने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये निकाल दिला. चमत्कारिक गुणांचा दावा करून अशा वस्तू विकणे आणि त्यांची जाहिरात करणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा आहे, असे न्यायमूर्ती नलावडे आणि सेवलीकर यांनी ठरवले आणि अशा जाहिरातींवर लक्ष ठेवण्यासाठी मुंबईत कक्ष स्थापण्याचे निर्देश केंद्र व राज्य शासनांना दिले.

पडद्यावरील विक्रेता पैसे घेतल्यानंतर पुन्हा भेटत नाही. म्हणून अशा जाहिरातीत फसगत झाल्यास वाचकांनी देयक जपून ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. गाडीतल्या चॉपरची तक्रार मात्र दुसऱ्या दिवशी त्याच डब्यात करावी. विक्रेती बहुधा पाते बदलून देते आणि त्याच बोलण्यात लसणाची साले काढणारी नळीही दाखवते.