शहाबादी फरशीपासून कुटुमसरच्या गुहेपर्यंत

भवानी पेठेंतील आमचें घर तीन पिढ्यांचें. ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर यांना आजोबांच्या वेळची शहाबादी फरशी होती. गेल्या वर्षीं घराच्या दुरुस्तीचें काम निघालें, तेव्हां धाकट्या मंडळींच्या आग्रहास्तव ती उखडून तेथें नवी गुळगुळीत फरशी बसवावयाचें ठरलें. सोलापूरचा उन्हाळा कसा असतो हें वाचकांस सांगावयास नको. वैशाखांतल्या दुपारीं त्या करड्या फरशीवर ओलें फडकें फिरवून घरांतील लहानथोर मंडळी आडवी होत असे. गवंडी एकेक लादी उचलूं लागला तसें मला वाईट वाटूं लागलें. इतक्यांत पुतण्याचा मुलगा जवळ आला. वय वर्षें बारा. प्रश्न विचारण्यांत मोठा चिकित्सक. त्यानें विचारलें, “आजोबा, आपल्याकडचा दगड सगळा काळा. मग हा करडा दगड आला कोठून?”

प्रश्न साधाच होता. पण त्याचें उत्तर देतां देतां आम्ही दोघे माघांत थेट बस्तरच्या अरण्यांत जाऊन पोंचलों, आणि तेथें माझी एक जुनी चूक मला भेटली. ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं, म्हणून हा लेख.

सोलापूर ज्या काळ्या खडकावर वसलें आहे, तो सुमारे साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या तप्त रसाचा थिजून झालेला आहे. शहाबादी फरशीची कुळी वेगळी. ती चुनखडी, पुरातन समुद्राच्या तळाशीं थरावर थर बसून झालेली, आणि वयानें काळ्या दगडाहून कितीतरी पटींनीं वडील. ती जेव्हां बनली, तेव्हां पृथ्वीवर एकहि झाड उगवलें नव्हतें. अजिंठा-वेरूळचीं लेणीं माणसाच्या छिन्नीनें काळ्या दगडांत कोरलीं. चुनखडींत मात्र पाणी स्वतःच लेणीं कोरतें. अशा पाण्यानें पोखरलेल्या प्रदेशास, युरोपांतील स्लोव्हेनिया देशाच्या एका भागावरून, भूगोलशास्त्रांत ‘कार्स्ट’ म्हणतात. शहाबादच्या चुनखडीसारखीच एक पुरातन चुनखडी बस्तरांत आहे. तेथें तिच्यांत गुहा आहेत आणि वर घनदाट अरण्य आहे. त्याचें नांव कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान.

मी तेथें पूर्वीं एकदां गेलों होतों. १९८७ च्या नाताळच्या सुट्टींत आम्ही तिघे शिक्षक बस्तर पाहावयास निघालों आणि कुटुमसरची गुहा पाहिली. त्या वेळीं मीं छतापासून लोंबणाऱ्या एका दगडी झुंबराचें चार अंगुळें लांबीचें टोंक छत्रीच्या मुठीनें हळूच ठोकून मोडून घेतलें. हेतु वाईट नव्हता. वर्गांत मुलांना दाखवावें एवढाच होता. पुढें तीस वर्षें मीं तें भूगोलाच्या तासाला दाखविलें. निवृत्तीनंतर तें घरीं आलें, आणि वहिनींनीं बाणलिंग समजून देवघरांत शाळिग्रामाशेजारीं ठेविलें. फरशीची गोष्ट निघाल्यावर मीं तें नातवाच्या हातीं दिलें. त्यानें उलटसुलट करून पाहिलें आणि विचारलें, “हें मोडलेलें दिसतें. कोणीं मोडलें?”

बस्तरला जावयाचें ठरलें तें त्याच दिवशीं.

सोलापूर सोडून आगगाडी कलबुर्गीच्या पुढें गेली, कीं शहाबाद लागतें. आमच्या घराची फरशी ज्या मातींतून निघाली, तें गांव नातवानें खिडकींतून डोळे भरून पाहून घेतलें. पुढें वाडीवरून सिकंदराबाद आणि तेथून विशाखापट्टणम्. तेथें गाडी बदलून आम्ही किरंदुलच्या गाडींत बसलों. बैलाडिल्याचें लोखंड बंदरापर्यंत नेण्यासाठीं १९६० नंतरच्या दशकांत बांधलेला हा लोहमार्ग पूर्वघाटांत असंख्य बोगद्यांतून चढत जातो. वाटेंत बोऱ्हा गुहांचें स्टेशन लागतें, त्याहि चुनखडीच्याच. संध्याकाळीं जगदलपूर आलें.

हें रामायणांतील दंडकारण्य. ज्या अरण्याचें वर्णन वाल्मीकींपासून भवभूतीपर्यंत वाचीत आलों, तेथील बाजारांत उभें राहिल्यावर कानांवर जी बोली पडली, ती मात्र परकी वाटली नाहीं. ती हळबी. मराठी, छत्तिसगढी आणि उडिया या तिन्हींची छटा तिच्यांत असून भाषाशास्त्रज्ञ तिचें मराठीशीं नातें सांगतात. भाजी विकणाऱ्या बाईचें बोलणें मला निम्मेंअधिक उमगलें. इतक्या दूर येऊन नातलग भेटावा तसें वाटलें.

जगदलपुराहून उद्यान सुमारे तीस किलोमीटरांवर आहे. १९८२ मध्यें तें राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालें. क्षेत्रफळ सुमारें २०० चौरस किलोमीटर. पश्चिमेस तीरथगडचा धबधबा, पूर्वेस कोलाब नदी, आणि मधून कांगेर नदी वाहत जाते. तिचें पाणी अखेर गोदावरीस मिळतें. उत्तरेकडचा साल आणि दक्षिणेकडचा साग हे दोन वृक्षराज येथें एकमेकांस भेटतात. खालीं बांबूचीं बेटें, वर वेलींचीं जाळीं. भैंसा दरहा नांवाच्या डोहांत मगरी आहेत. छत्तिसगडचा राज्यपक्षी जी पहाडी मैना, ती या वनांतील जुन्या, उंच झाडांच्या ढोलींत घरटें करते. मनुष्यवाणीचें हुबेहूब अनुकरण करणारी म्हणून लोकांनीं तिला पिंजऱ्यांत घातलें, आणि ती विरळ होत गेली. आतां स्थानिक तरुणच तिच्या घरट्यांवर नजर ठेवितात.

कुटुमसरच्या गुहेचें तोंड बाहेरून पाहिलें तर विशेष कांहीं वाटत नाहीं. कड्याच्या पोटांत एक अरुंद भेग. तिच्यांतून अंग चोरून खालीं उतरावें लागतें. आंत गेल्यावर मात्र दालनामागून दालन. मुख्य मार्गाची लांबी सुमारे ३३० मीटर. भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांनीं गेल्या शतकाच्या मध्यावर या गुहेचें शास्त्रीय संशोधन केलें. येथें सांपडलेल्या, लांब मिशांच्या एका रातकिड्यास त्यांच्या नांवावरून ‘केम्पिओला शंकरी’ हें नांव दिलें आहे. पावसाळ्यांत गुहेंत पुराचें पाणी शिरतें, म्हणून त्या दिवसांत ती बंद असते. एरवीं वाटाड्याशिवाय आंत जातां येत नाहीं.

आमचा वाटाड्या जवळच्याच गांवचा धुरवा तरुण होता. डबक्यापाशीं त्यानें आम्हांस थांबविलें आणि दिव्याचा प्रकाश क्षणभरच पाण्यावर धरला. बोटाएवढे फिकट मासे अंधाराकडे सरकले. त्यांचे डोळे अगदीं बारीक, आणि अंगावरचा रंग जवळजवळ गेलेला. या माशाची गोष्ट मीं नातवास आधींच सांगून ठेविली होती. त्याचें शास्त्रीय नांव ‘एव्हेझार्डी’. १८७२ मध्यें फ्रान्सिस डे या इंग्रज मत्स्यशास्त्रज्ञानें त्याचें प्रथम वर्णन केलें, तें पुण्याच्या माशावरून! पुण्याकडच्या ओढ्यांत खडे-वाळूवर उन्हांत हिंडणारा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा तो हाच. त्याचेच भाऊबंद केव्हांतरी या काळोखांत येऊन राहिले, आणि पिढ्यान् पिढ्या प्रकाश न लागल्यामुळें रंग आणि दृष्टि हरवून बसले.

“यांना खायला काय मिळतें?” नातवानें विचारलें. सूर्यप्रकाश नाहीं, म्हणून हिरवें पान नाहीं. मग अन्न कोठलें? वाटाड्यानें बोट वर केलें. छताला वटवाघळें लोंबत होतीं. तीं रात्रीं वनांत जाऊन किडे खातात आणि पहाटे परत येतात. त्यांच्या विष्ठेवर येथले कीटक जगतात. शिवाय पावसाळ्यांतील पूर पालापाचोळा आंत आणून टाकतो. येथलें अन्न सारें असें वरून येतें.

केवळ अन्नच नव्हे. निव्वळ पाण्यांत चुनखडी फारशी विरघळत नाहीं. पावसाचें पाणी वनाच्या मातींतून झिरपतें, तेव्हां मुळांच्या श्वासानें आणि कुजणाऱ्या पानांनीं त्या मातींत सांठलेला कर्बाम्ल वायु, ज्यास आतां शाळेंत कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो घेऊन तें किंचित् आंबट होतें. तें आंबट पाणी खडक पोखरीत खालीं जातें. गुहेच्या मोकळ्या हवेंत थेंब येतांच त्यांतील वायु उडून जातो आणि विरघळलेला चुना मागें राहतो. छताला जो सांठतो त्याचा अधोमुखी स्तंभ होतो. खालीं जमिनीवर जो सांठतो त्याचा ऊर्ध्वमुखी. म्हणजे गुहा कोरणारें पाणीहि वनानेंच धारदार केलेलें, आणि तिच्यांतील झुंबरेंहि वनाच्याच मातींतून उतरलेलीं. वरचीं झाडें तोडलीं, तर उघडी माती वाहून गुहेंत भरेल, थेंबांचें मान बदलेल, वटवाघळें उपाशी राहतील. गुहेच्या तोंडाशीं कितीहि भक्कम कुलूप घातलें, तरी वरचें वन गेल्यावर त्या कुलपाचा उपयोग शून्य. तीस वर्षें हा धडा शिकवितांना मीं चुना आणि पाणी एवढेंच सांगितलें. झाडाचें नांव कधीं घेतलें नाहीं.

हें मनांत घोळत असतां मला नान्नजची आठवण झाली. सोलापुरापासून नान्नज जवळच. तेथील माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ मध्यें अभयारण्य घोषित झालें. आमच्या तरुणपणीं लांबलांबून लोक तो डौलदार पक्षी पाहावयास येत. आतां त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. पक्ष्याला कायद्यानें अभय मिळालें. पण त्याचा गवताळ माळ कांहीं ठिकाणीं नांगराखालीं गेला, कांहीं ठिकाणीं ऊस-द्राक्षांखालीं. आम्हीं पक्षी राखण्याची भाषा केली. माळ ओसाड म्हणून त्याच्याकडे पाहिलेंच नाहीं. गुहेचें आणि वनाचें नातें तसेंच आहे.

कोरड्या जागीं आल्यावर मीं खिशांतून तो तुकडा काढला आणि वाटाड्यास म्हटलें, “हा येथलाच आहे. येथें ठेवूं द्याल का?” त्यानें तो दिव्याजवळ धरून पाहिला, आणि मग दिवा छताकडे वळविला. ठिकठिकाणीं मोडलेलीं थोटकें दिसत होतीं. कांहींवर जुन्या मशालींच्या धुराची काजळी. यांतील कोणत्या जागेचा हा, तें तो सांगूं शकत नव्हता, आणि मलाहि आठवेना. खालीं ठेवला तर खडाच होऊन पडेल, असें म्हणून त्यानें तो नम्रपणें मला परत दिला. त्याच्या आवाजांत राग नव्हता. त्यामुळेंच तें मनाला अधिक लागलें.

बाहेर आल्यावर नातू हिशेब मांडूं लागला. गुहागणिक वेग वेगळा असतो. परंतु ढोबळ मानानें असा स्तंभ शंभर वर्षांत एखादा सेंटीमीटर वाढतो. माझा तुकडा सात-साडेसात सेंटीमीटरांचा. “म्हणजे सातशेंपेक्षां जास्त वर्षें!” तो म्हणाला. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. नेवाशास तें कार्य चालू असतां बस्तरच्या काळोखांत जो थेंब ठिबकूं लागला असेल, त्याचें काम मीं छत्रीच्या एका टोल्यानें थांबविलें. त्या वेळीं माझें वय सत्तावीस होतें आणि मी स्वतःस सुशिक्षित समजत होतों.

त्या दिवशीं दुपारीं आम्ही कांगेरच्या कांठीं धुडमारास गांवीं एका धुरवा कुटुंबाकडे साधा वरणभात जेवलों. येथील तरुण पाहुण्यांस बांबूच्या तराफ्यावरून नदी दाखवितात आणि घरीं उतरवून घेतात. २०२४ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेनें या गांवाची निवड उत्तम पर्यटन गांवांच्या उन्नतीच्या कार्यक्रमासाठीं केली. २०२२ मध्यें याच उद्यानांतील गुडियापदर गांवास सामूहिक वनसंसाधनांचा हक्क मिळाला. २०२५ मध्यें कांगेर घाटीचें नांव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत गेलें. मानसन्मानाबरोबर गर्दीहि येणार, आणि प्रत्येक खिशांत माझ्यासारखाच एक शहाणा हात असणार. ज्यांची चूल आणि नदी येथली, त्यांना वनांत मान आणि पोट दोन्ही मिळालीं, तरच या गुहांना राखणदार मिळतील. नुसत्या फलकांनीं तें व्हावयाचें नाहीं.

आणि आपणही यांतून सुटलों नाहीं. आपल्या घरांचें सिमेंट चुनखडीचेंच होतें. चंद्रपूर जिल्ह्यांत राजुरा-कोरपन्याकडे सिमेंटचे मोठे कारखाने त्याच दगडावर उभे आहेत. घर बांधूं नये असें माझें म्हणणें नाहीं. परंतु जें एकदां बसविलें तें शंभर वर्षें वापरावें, एवढें तरी आपल्या हातीं आहे. घरीं परतल्यावर मीं ओटीची फरशी उखडण्यास मनाई केली. धाकटी मंडळी थोडी रुसली, पण नातू माझ्या बाजूनें उभा राहिला. ओटीची फरशी तशीच आहे.

तो तुकडा आतां देवघरांत नाहीं. वहिनींच्या संमतीनें तो पुस्तकांच्या कपाटांत ठेविला आहे. नातवानें त्याच्याखालीं कागदाची चिठ्ठी लाविली आहे. “कुटुमसर. वय सातशें वर्षें. मोडला: १९८७.” मोडणाऱ्याचें नांव त्यानें संकोचानें लिहिलें नव्हतें. तें मीं स्वतःच्या हातानें लिहिलें. घरीं येणारी मुलें चिठ्ठी वाचून माझ्याकडे पाहतात, आणि मग मी त्यांना वनाची गोष्ट सांगतों. या वेळीं झाडापासून सुरुवात करून.